सूर्याची पाटी आणि कुलपातली वयनी

माझ्या गाडीत मी एक बाई कोंडून ठेवली आहे ही बातमी गावभर झाली, त्यानंतर बावीस दिवसांनी ती माझ्या कानावर आली. तोवर ती मेडशीला माझ्या बहिणीकडे आणि तिथून नागपूरला माझ्या मुलीकडे पोचली होती. ज्याची बातमी असते त्याला ती सर्वांत शेवटी कळते, हे मी नंतर वहीत लिहून ठेवलं. पण नंतर लिहून काय उपयोग!

आता सगळं क्रमाने सांगतो. क्रम सोडून मला काही सांगताच येत नाही. माझी बायको इंदू म्हणायची, "तुमी भांडतानाबी एक, दोन, तीन असे आकडे टाकता."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीमला तेव्हा जिल्हा म्हणत नसत, अकोल्याखालचा तालुका म्हणत. मी बियाणांच्या प्रचाराच्या गाडीवर होतो. एक जुनी पेट्रोल व्हॅन, आत समोरासमोर दोन बाक, भिंतीला टांगलेली ज्वारीची कणसं, मागच्या बाजूला टपावर चढायची लोखंडी शिडी. गावोगाव फिरायचं आणि संकरित ज्वारी कशी पेरायची ते सांगायचं. गाडी चालवणारा मीच, सांगणारा मीच, आणि बऱ्याच गावांत ऐकणाराही मीच.

इंदू गेली आणि सहा महिन्यांत मी वाशीमच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडल्या. दोन खोल्यांत एक माणूस फार लहान दिसतो. साहेबांची परवानगी काढून मी गाडीतच राहायला लागलो. एका बाकावर मी झोपायचो. दुसऱ्या बाकावर इंदूची गोधडी घडी घालून ठेवली होती. तो बाक सामानाला उपयोगी पडला असता. पण 'गोधडी उचलणे' हे काम दोन वर्षांत माझ्या एकाही यादीत आलं नाही.

मुलगी प्रमिला, म्हणजे पमा, नागपूरला नर्सिंग शिकत होती. शिक्षण संपत आलं होतं आणि मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला जागा मिळत होती. अर्ज महिन्याच्या अखेरीला द्यायचा होता. तिनं मला लिहिलं, 'बाबा, एकट्याला करमत नसेल तर मी मुंबई सोडून देते आणि वाशीमच्या दवाखान्यात जागा मागून घेते. खरं काय ते कळवा.'

मी उलट टपाली कळवलं. एक, जेवण वेळेवर होते. दोन, प्रकृती उत्तम आहे. तीन, करमण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

पोरीनं माझ्यापायी मुंबई सोडावी हे मला मान्य नव्हतं. इंदूनंच तिला नर्स करायचं ठरवलं होतं. ती वाशीमला आली असती तर मला काय वाटलं असतं, ते लिहायला पोस्टकार्डावर जागा उरली होती. ती मी कोरी सोडली.

आता रेडिओ. गाडीला रेडिओ होता, गाडीच्याच बॅटरीवर चालणारा. शेतकऱ्यांना हवामान आणि बाजारभाव ऐकवायला दिलेला. सकाळी शेतांवर जाताना मी गाडीला कुलूप लावायचो, पण रेडिओ बंद करायचो नाही. संध्याकाळी परत आलो की आत कुणीतरी बोलत असावं, एवढंच. (विषय कोणताही चालायचा. एकदा कोंबड्यांच्या मानमोडी रोगावर भाषण चालू होतं, तरी घरी आल्यासारखं वाटलं.)

याचा परिणाम असा की दर तीन दिवसांनी बॅटरी बसायची आणि गावाला गाडी ढकलावी लागायची. प्रचाराच्या गाडीला दर तिसऱ्या दिवशी शेतकऱ्यांनीच ढकलायचं म्हणजे मग त्यांनी सुधारित पद्धतीवर विश्वास कसा ठेवायचा?

इथं माझा चुलतभाऊ वसंता आला. तो शहरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता. तिथल्या प्राध्यापकांकडे उन्हापासून वीज करणारी एक प्लेट तपासायला आली होती. काळी, चकचकीत, शाळेच्या पाटीच्या चौपट. वसंताचं म्हणणं असं की वऱ्हाडातल्या मे महिन्याइतकं ऊन कॉलेजाच्या गच्चीवर मिळणार नाही, तेव्हा प्लेट माझ्या टपावर बसवावी, तिच्या विजेनं बॅटरी भरलेली राहील आणि मी महिनाभर नोंदी ठेवाव्यात. नोंदी म्हटल्यावर मी आणखी काही विचारलंच नाही.

त्यानं रकाने आखलेली वही दिली आणि बॅटरीचा जोर मोजायचं एक यंत्र दिलं. ऊन किती तास, बॅटरीचा आकडा किती, रेडिओ किती तास चालवला. या तिसऱ्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. खरं लिहायचं तर 'दिवसभर, ऐकायला कुणी नाही' असं लिहावं लागलं असतं. ते प्राध्यापक वाचणार, वसंता वाचणार, वसंताची बायको वाचणार, आणि तिनं वाचलं की नागपूरला पोचलंच. मी लिहिलं, 'पंधरा मिनिटे (बातम्या)'. दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. मग महिनाभर तेच.

तो महिनाभर गाडी मी जऊळक्याच्या स्टेशनापासून तीन मैलांवरच्या एका गावात, बौद्धवस्तीच्या कडेला, मोकळ्या जागी लावली होती. (गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या बायका मला अजून ओळखतात.) सकाळी 'जयभीम' घेत देत मी शेतांकडे निघायचो, संध्याकाळी परत यायचो. पहिला आठवडा बॅटरी काठोकाठ. सूर्यावर माझा विश्वास बसला.

मग काहीतरी बिघडलं. आकडा एक दिवस वर, दोन दिवस खाली. मी रोज सकाळी सात वाजता टपावर चढून प्लेट ओल्या फडक्यानं पुसायचो, वायर ओढून बघायचो, स्क्रू आवळायचो. सगळं ठीक. ऊन तर असं की टपाला हात लावला तर कातडी राहील. तरी आकडा खालीच.

त्याच सुमाराला खिडकीत भाकरी येऊ लागली.

संध्याकाळी परतलो की खिडकीच्या गजांत, पडद्याच्या आड, फडक्यात बांधलेली एक भाकरी आणि वर ठेचा. कुणी ठेवली ते कळेना. इतकी वर्षं गावोगाव भसाभसा बोललो, पण माझ्यासाठी न सांगता कुणी भाकरी ठेवावी असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, शेवटी एका गावाला तरी माझी किंमत कळली. मी रोजच्या वहीत लिहायचो, 'भाकरी एक (कुणाची?)'. ठेचा जहाल होता. खाताना डोळ्यांतून पाणी यायचं. ठेच्याचं हे एक बरं असतं, कुणाला काही सांगावं लागत नाही.

अशात पमाचं कार्ड आलं. 'गुरुवारी दुपारी बाराच्या गाडीनं जऊळक्याला उतरते. समोरासमोर विचारायचं आहे.' मी समजलो, अर्जाचं असणार. ती बघायला येणार, बाबा एकटा नीट राहतो की नाही. नीट दिसलो तर ती मुंबईला जाईल. जरा जरी केविलवाणा दिसलो तर वाशीम लिहील. मी यादी केली. गाडी धुणे. स्टोव्ह घासणे. दाढी. स्टेशनवर गाडी घेऊन वेळेआधी अर्धा तास हजर. शेवटचा, नववा मुद्दा : चेहरा.

बुधवारी संध्याकाळी कुलूप उघडलं तर आत चिडीचूप. केंद्रात बिघाड असेल म्हणून मी झोपलो.

गुरुवारी पहाटेच शेतावर गेलो आणि साडेदहाला परत येऊन थेट गाडीत बसून चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. या वेळी टक्-सुद्धा नाही. उतरून हँडल मारलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस हँडल मारताना जितका प्रतिष्ठित दिसतो तितका मी दिसत असणार, कारण वस्तीतली सुभद्रामाय घरातून बाहेर येऊन उभी राहिली. साठीची, काटक, कमरेला ओचा खोचलेला.

"भाऊ, गाडी कायले हलवून राह्यले? वरचं सांडन ना."

"वरचं काय?"

"वाळवन."

मी शिडीवरून टपावर चढलो. सबंध टपावर पांढरं लुगडं ताणून पसरलेलं, चारी टोकं टपाच्या कठड्याला गाठी मारून बांधलेली. त्यावर कुरड्या, मुंगवड्या आणि पापड. माझी प्लेट जिथं होती नेमकी तिथं कुरड्यांची सर्वांत दाट रांग. मी सातला प्लेट पुसून जायचो, बायका नऊला वाळवण टाकायच्या, मी यायच्या आत चारला उचलून न्यायच्या. माझ्या एकाही वहीला याचा पत्ता नव्हता.

"कोनाले इचारून टाकलं हे?" मी वरूनच ओरडलो.

"वयनीले."

"कोनत्या वयनीले?"

सुभद्रामायनं हनुवटीनं गाडीकडे खूण केली. "मंदात हायेत त्यायले."

तोवर वस्तीतल्या सात-आठ बायका जमल्या. मी वर उन्हात उभा, त्या खाली माना वर करून. तिथं मला ती बातमी कळली. बेनेवाला भाऊ बायकोला गाडीत ठेवतो आणि जाताना कुलूप लावतो. बाई शिकलेली आहे, गाते चांगली, पण बिचारी बाहेर येत नाही. दुपारी घटकाभर झोपते, मग उठून पुन्हा बोलते. मधूनमधून आत पुरुषाचा आवाज येतो, पण तो भाऊच लवकर आला असणार असं त्यांनी धरलं होतं. वाळवणाचं त्यांनी रीतसर विचारलं होतं. खिडकीशी उभं राहून सुभद्रामाय म्हणाली, वयनी, वाळवण कुठं टाकू? आतून उत्तर आलं की वाळवण उंच जागी, स्वच्छ कपड्यावर, दिवसभर ऊन लागेल असं टाकावं. (मे महिन्यातला बायकांचा कार्यक्रम. दरवर्षी हेच सांगतात.) आता गावात माझ्या गाडीइतकी उंच जागा दुसरी कोणती?

पार्बता नावाची एक सून पुढं झाली. ती बोलायच्या आधी पदर नीट करते, म्हणजे आता कुणाचं तरी चुकतं आहे, हे मला नंतर कळलं.

"भाऊ, राग येऊ देऊ नका. पन बायकोले कुलूप लावून कोनी जाते काय? म्या रोज खिडकीतून भाकर देत जावो. दिवसभर कोंडेल मानूस, खाईन काय?"

मी शिडीच्या वरच्या दांडीवर बसलो. बावीस भाकऱ्या. एकही माझी नव्हती. बावीस दिवस मी एका बाईच्या तोंडचा घास खात होतो, आणि ती बाई नव्हतीच.

"अन् कालपासून बोलून नाही राह्यल्या त्या," पार्बता म्हणाली. "बरं नाही काय?"

"थो रेडिओ होय," मी म्हणालो.

कुणाचा विश्वास बसेना. पंचायतीचा रेडिओ सगळ्यांनी ऐकला होता, तो खरखर करतो. ही बाई तर स्वच्छ बोलते. शेवटी सुभद्रामायनं लुगड्याची एक गाठ तपासत शांतपणे सांगितलं, "मले मालूम होतं रेडू हाये मनून."

सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या.

"मंग सांगतलं काहून नाही, माय?"

"सांगून काय करू? एकट्या मानसाच्या गाडीवर बाई कशी चढन? मंदात वयनी हाये म्हनलं तं कोनी बोलत नाही. अन् थे काळी पाटी तव्यावानी तापते. तिच्यावरच्या कुरड्या एका दिसात कडक."

अकरा वाजत आले होते. मी सगळ्यांना सांगितलं की मुलगी बाराच्या गाडीनं येते आहे, भांडण संध्याकाळी करू, आधी गाडी ढकला. गावातले बाप्ये बाजाराला गेले होते. बायकांनी पदर खोचले. सुभद्रामाय म्हणाली, आधी वाळवण उतरवू. मी म्हणालो, वेळ नाही. (या सगळ्या प्रकरणात मी घेतलेला हा एकच निर्णय, आणि तोही चुकला.)

वस्तीपासून नाल्यापर्यंत उतार आहे. बायकांनी जोर लावला, गाडी निघाली, वेग आला. मी गिअर टाकला. गाडीनं हिसका खाल्ला, इंजिन काही बोललं नाही, पण टपावरच्या गाठी सुटल्या आणि लुगडं, कुरड्या, मुंगवड्या, पापड सगळं काचेवरून खाली आलं. मला पुढचं दिसेना. खिडकीतून हात काढून लुगडं ओढलं तर अर्ध्या कुरड्या माझ्या मांडीवर. ब्रेक लागेपर्यंत गाडी नाल्याच्या कोरड्या रेतीत पुढच्या चाकांनी रुतून बसली होती. मागून बायका धावत आल्या. मला लागलं का, असं कुणी विचारलं नाही. सगळ्या रेतीतून कुरड्या वेचायला बसल्या.

कुरड्या वेचून झाल्यावर, साडेबाराच्या सुमाराला, पार्बताच्या घरची सायकल मिळाली. तिला घंटी होती, ब्रेक नव्हता. तीन मैल मी घंटी वाजवत गेलो. स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी येऊन गेली होती. फलाटावर एक हमाल सावलीत टॉवेल झटकत होता. तो मला ओळखत होता.

"पोरगी आलती तुमची. मेडशीची आत्याबी होती संगं. अर्धा घंटा वाट पाह्यली, मंग भेटली थ्या बैलगाडीत बसून गेल्या."

"काही म्हनत होती?"

हमालानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो दुसरीकडे पाहत म्हणाला, "नव्या मायले पाह्यले चाललो म्हने."

तेव्हा माझ्या डोक्यात सगळे मुद्दे क्रमानं लागले. पार्बताचं माहेर मेडशीचं. माझी थोरली बहीण, आक्का, मेडशीलाच दिलेली. पमाला अर्जाचं विचारायचं नव्हतंच.

सायकलीनं परत निघालो. बैलगाडी शेतातल्या जवळच्या वाटेनं गेलेली, मी सडकेनं, त्यामुळे चुकामूक. नाल्यापाशी पोचलो तर जत्रा भरलेली. गाडी नाक खुपसून रेतीत. काचेवर अजून पापड चिकटलेले. आक्का खिडकीच्या गजांना धरून आत पाहत होती. पमा आपल्या ट्रंकेवर बसली होती, आणि पार्बता तिला पाणी देत होती. नववा मुद्दा, चेहरा, मला आठवला. माझ्या केसांत कुरडई होती.

"उघड," आक्का म्हणाली. "आमाले सांगतलं असतं तं आमी नाही म्हनलं असतं काय? पन कुलपात, बाप्पा?"

पमा उठली. दोन वर्षांत ती बारीक झाली होती, किंवा मी तिला नीट पाहिलं नव्हतं. "बाबा, मले राग नाही आला," ती म्हणाली. "मले फक्त पाह्यचं होतं, थे बाई बरी हाये का."

मी कुलूप उघडलं.

आक्कानं दोन्ही बाकांखाली वाकून पाहिलं. बियाणांचं पोतंही हलवून पाहिलं. पमा दारातच थांबली. समोर रेडिओ होता, त्यावर इंदूनं भरलेलं आच्छादन. पमानं बटण फिरवलं, काही झालं नाही. मग तिनं फळीवरची वही घेतली आणि वाचायला लागली. माझ्या वह्या कुणी वाचत नाही, म्हणून मी त्या कधी लपवल्या नव्हत्या. भाकरी एक, कुणाची? भाकरी एक, कुणाची? ती पानं उलटत गेली आणि उलटता उलटता इंदूच्या बाकावर बसली. तिथं दोन वर्षांत कुणी बसलं नव्हतं. गोधडी थोडी सरकली.

"दिवसभर रेडिओ कोनासाठी लावून जाता?"

मी तिला समजावून सांगितलं की बॅटरीवर भार असला म्हणजे चाचणी नीट होते.

"बाबा."

"परत आल्यावर आत कोनी बोलत असलं," मी म्हणालो, "तं कुलूप लवकर उघडते."

आक्का बाकाखालून वर आली आणि पुन्हा काही शोधायला वाकली नाही. बाहेर बायका खिडकीपाशी सरकल्या. मग पार्बतानं गजांतून आत पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "आजपासून भाकर तुमच्याच नावानं देतो."

पमा चार दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी बैलांनी गाडी रेतीतून ओढून काढली. ठरल्याप्रमाणे भांडणही झालं. रेतीत गेलेल्या कुरड्यांबद्दल मला दोन संध्याकाळी सुभद्रामायच्या अंगणात सोऱ्या दाबायला बसवलं. सोऱ्या दाबायला हँडलापेक्षा जास्त जोर लागतो, असं मी नोंदवून ठेवलं आहे.

अर्जाचं मात्र कुणी काढेना. शेवटच्या दुपारी पमानं तो कागद माझ्यापुढं ठेवला. गावाचं नाव लिहायची जागा कोरी होती.

"तुमच्या कार्डावरूनच मले समजलं होतं," ती म्हणाली. "मजेत असलेला मानूस 'प्रश्न उद्भवत नाही' असं लिहीत नाही. मी वाशीम लिहितो."

'लिही,' एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "तू वाशीमले आली तं मी दर आठवड्याले तुह्याकडे येईन, अन् तू दर आठवड्याले मले पाहून काळजी करशील. तुह्या मायनं तुले दुसऱ्यायची काळजी कराले शिकोलं, माही नाही."

तिनं कागद मांडीवर घेतला. मग मुंबई लिहिलं, आणि माझी वही ओढून त्यात माझ्यासाठी यादी केली. एक, बाहेर जाताना रेडिओ बंद. दोन, दर रविवारी कार्ड, त्यात 'उद्भवत' शब्द नको. तीन, भाकरी घेताना देणारीशी पाच मिनिटं बोलणे. अक्षर हुबेहूब माझं. मला वाटलं होतं ती इंदूवर गेली आहे.

रेडिओ बंद आणि प्लेटवर उघडं ऊन, त्यामुळे पाचव्या सकाळी गाडी पहिल्या चावीला चालू झाली. पमाला मी वेळेआधी अर्धा तास स्टेशनवर पोचवलं. यादीतला तेवढा एक मुद्दा शेवटी पूर्ण झाला. परतताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. तीन मैल फार लांब वाटले. घंटी तरी हवी होती.

महिना उलटून गेला होता, वही वसंताकडे पाठवायची होती. तिसरा रकाना सुधारायला मी बसलो. पण रेडिओचं खरं लिहायचं तर कारण लिहावं लागणार. कुरड्यांचं लिहायचं तर वयनीचं लिहावं लागणार. वयनीचं लिहायचं तर कॉलेजच्या वहीत ते कोणत्या रकान्यात बसणार? मी वही तशीच पाठवली. रोज लख्ख ऊन, रोज पंधरा मिनिटं रेडिओ, आणि तरी बॅटरी रिकामी.

तीन आठवड्यांनी प्राध्यापकांचं पत्र आलं आणि पाठोपाठ वसंता प्लेट काढून न्यायला आला. पत्रात लिहिलं होतं की नोंदी अत्यंत काळजीपूर्वक ठेवल्याबद्दल आभार. त्यांवरून असा निष्कर्ष निघतो की सदर भागात या उपकरणास पुरेल इतके ऊन उपलब्ध नसावे.

सुभद्रामाय गाडीच्या सावलीत डाळ निवडत होती. कागदात काय आहे, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, म्हणतात की आपल्याकडे ऊन कमी आहे.

तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग माह्या कुरड्या कायनं वाळल्या, भाऊ? वयनीच्या बोलन्यानं?"

मी वहीत लिहून घेतलं : 'प्रश्न उद्भवतो.'